आबांची पलटण पुन्हा उभी राहिली

आबा आणि आई,

तुमच्या पोरीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही तिघं मजेत आहोत. छोटीला दोन दात आलेत, सगळ्यांना चावत सुटलीये.

आबा, सरकारनं मोडलेली तुमची पलटण काल पुन्हा उभी केली, आणि तुमचे जावई तिच्यातच आहेत! पेटीतला जुना झेंडा बाहेर काढला. मग साहेबांनी जुन्या जवानांची नावं पुकारली. नाव आलं की त्या जवानाच्या मानासाठी सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, असा रिवाज. मला काय माहीत? तुमचं नाव आलं, कोणी बोलेना. वाटलं, आबांची गैरहजेरी लागतेय. छोटीला कडेवर घेऊन मीच ओरडले, "हजर!"

ह्यांचे कान लाल झाले. साहेब म्हणाले, "आपल्या जवानाचा आवाज बारीक झालाय वाटतं!" आणि मला कडक सलाम ठोकला, आबा. मला!

नवी पलटण लगेच सीमेवर जाणार म्हणे. हे म्हणतात, "अगं, नुसता पहारा असतो." मी मान डोलावते. आणि ह्यांच्या सामानात लोकरीच्या मोज्यांचा आणखी एक जोड कोंबते.

आईचे गुडघे कसे आहेत? आणि आबा, पूर्वी तुम्ही पलटणीबरोबर जायचात तेव्हा आई घरात एकटी काय करायची, तेवढं तिला विचारून कळवा.

तुमचीच,
धाकटी