रेणूला पन्नास मिनिटं

८ जुलै २०२५, मंगळवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. मेंटर झालेल्या माणसाने लिहावी.

कुलगुरूंनी मेंटरिंग प्रोग्रॅम काढलाय. एका डिपार्टमेंटच्या जाणत्या प्राध्यापकाने दुसऱ्या डिपार्टमेंटच्या सहकाऱ्याला सहा महिने हाताशी धरायचं. ईमेलला चार पानांची यादी जोडली होती. प्रिंटरची शाई संपत आलीय, म्हणून अटेंडर यादगिरीला माझं नाव असलेलं तेवढं तिसरं पान काढायला सांगितलं. डाव्या रकान्यात मी : डॉ. प्रतापराव जवळगेकर, भूगोल. समोर उजव्या रकान्यात डॉ. अश्विनी परचुरे, स्टॅटिस्टिक्स. रकान्यांची नावं पहिल्या पानावर असणार, पण ती बघायची गरज काय? मी त्रेपन्न वर्षांचा, ती छत्तीसची. कोण कोणाला शिकवणार हे शेंबडं पोर सांगेल.

माझ्या खालच्या ओळीत डाव्या रकान्यात लॉची रेणू. तिच्याही समोर अश्विनीच. रेणूला नोकरीत जेमतेम तीन वर्षं झालीत. म्हणजे ती असिस्टंट मेंटर असावी. मुख्य मी.

तारामती म्हणाली, चारही पानं वाचा की. बायकोला प्रोसेस कळत नाही.

९ जुलै

लक्ष्मणरावही मेंटर आहेत. त्यांना दोन मेंटी मिळालेत. हे त्यांनी बसमध्ये आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

लक्ष्मणराव बॉटनीचे. आम्ही दोघं २००४ साली एकाच दिवशी रुजू झालो, मी सकाळी साडेदहाला आणि ते पावणेअकराला. तरी दोन वर्षांपूर्वी प्रोफेसर ते झाले. मी अजून असोसिएट. अंबरपेठेत आमची घरं एकाच गल्लीत आहेत, त्यामुळे त्यांच्या दारावरची नवी पाटी येता-जाता दिसते. मला असूया नाही. पाटीवरची अक्षरं मात्र उगाच मोठी आहेत.

संकल्प : यंदा प्रोफेसर व्हायचंच. अर्ज ३१ डिसेंबरपर्यंत. अट अशी की एक नवा पेपर छापायला स्वीकारलेला हवा. माझा ‘मुसीकाठच्या बाजारांचा भूगोल’ २०१७ पासून जवळजवळ पूर्ण आहे.

१७ जुलै, गुरुवार

अश्विनी भेटायला आली. पुण्याची मुलगी, नवरा आयटीत. स्वतः माझ्या डिपार्टमेंटला चालत आली हे मला आवडलं. शिष्यानेच यावं. हातात वही होती हेही आवडलं.

तिने विचारलं, सर, तुमचं काम नेमकं कुठे अडलंय? काय नम्रता! मोठ्या माणसांनी अडचणींतून वाट कशी काढली ते तिला शिकायचं असणार. मी दीड तास बोललो. मुसी नदीकाठी अफझलगंजच्या बाजारात एकेका दुकानात उन्हातान्हात कसा फिरलो ते सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं. जाताना म्हणाली, पुढच्या भेटीपर्यंत प्रस्तावनेची दोन पानं पाठवाल का?

नमुना म्हणून हवी असतील. पाठवीन.

एका फॉर्मवर सही मागितली. केली. भराभर सही करता येणं ही अनुभवाची खूण आहे.

६ ऑगस्ट

दोन पानं पाठवायची राहिली. कारणं : (१) बोनालूच्या सणाची सुट्टी मध्ये आली. (२) प्रस्तावना जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. (३) जुना लॅपटॉप मेव्हण्याकडे आहे.

अश्विनीचा मेसेज आला : सर, आठवण करून देते आहे. खाली हसरा चेहरा. मेंटीला एवढी ओढ असणं चांगलं. लक्ष्मणरावांना बसमध्ये ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला. ते म्हणाले, माझे दोघं तर रोज फोन करतात.

१९ ऑगस्ट, दुपारी ३.१०

एक गोष्ट नोंदवून ठेवतो.

स्टॅटिस्टिक्सच्या कॉरिडॉरमधून सहज जात होतो. (आमच्या डिपार्टमेंटपासून सात मिनिटं लागतात, वाटेवर नाही, पण पाय मोकळे करायला गेलो.) अश्विनीच्या केबिनला काच आहे. आत रेणू बसलेली. २.२० ला आत गेली होती, ३.१० ला बाहेर आली. पन्नास मिनिटं! मागच्या गुरुवारी मला वीस मिळाली होती.

मुख्य मेंटर कोण? असिस्टंट मेंटरने माझ्या मेंटीची पन्नास मिनिटं खायची हा कुठला न्याय? आणि दोघी हसत होत्या. माझ्याबरोबर अश्विनी हसत नाही. फक्त लिहिते.

२० ऑगस्ट

झोप नीट लागली नाही. तारामतीला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला कोणी काही विचारलं की तुम्ही फुलता, न विचारलं की फुगता. तिच्या शाळेतल्या पोरांवर वापरायची वाक्यं ती घरी आणते.

२ सप्टेंबर

रेणू कॅन्टीनमध्ये भेटली. मी बोलता बोलता खडा टाकला, कसं चाललंय गायडन्स? ती म्हणाली, खूप छान सर, अश्विनी मॅडममुळे माझा पेपर तिसऱ्या ड्राफ्टपर्यंत आला.

म्हणजे मेंटीकडून स्वतःचंच काम करून घेते! तीन वर्षांच्या नोकरीत एवढी हुशारी. मी एकवीस वर्षांत कोणाकडून काही करून घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं असं आता वाटतं.

११ सप्टेंबर

लॅपटॉप आला. पेपर अश्विनीला पाठवला, सगळाच. दोन पानंच कशाला? रेणूचा तिसरा ड्राफ्ट असेल, माझा आठ वर्षं मुरलेला आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

फार दुखावलो आहे. शांतपणे लिहितो.

अश्विनीने पेपर परत पाठवला. समासात लाल रंगात छत्तीस शेरे. सत्तेचाळीस दुकानांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येणार नाही म्हणते. शिवाय त्यातली अकरा दुकानं आता बंद झालीत, हे तिने स्वतः रविवारी अफझलगंजला जाऊन पाहिलं म्हणे. मला न विचारता, माझ्या बाजारात! शेवटी लिहिलं होतं : सर, विषय फार सुंदर आहे, आपण एका महिन्यात हा उभा करू, मी आकडेमोडीला बसते तुमच्याबरोबर.

आपण? पेपर माझा. मेंटीने मेंटरचा पेपर तपासायचा आणि वर ‘आपण’ म्हणायचं!

तिला कळवलं की सध्या बिझी आहे. शेरे उघडून पाहणार नाही. (चौदापर्यंत पाहिले. नववा बरोबर आहे.)

२६ सप्टेंबर

बतुकम्माच्या सणाची फुलं बायकांनी डिपार्टमेंटच्या पायऱ्यांवर रचली होती. सगळ्या स्टाफमध्ये अश्विनी आणि रेणू शेजारी शेजारी टाळ्या वाजवत फिरत होत्या. मी खिडकीतून दोन फेऱ्या पाहिल्या आणि खिडकी लावून घेतली.

अश्विनी नंतर फुलं घेऊन वर आली. म्हणाली, सर, माझं काही चुकलं का? मी म्हटलं, छे छे. मग तिने पुन्हा पेपरचं विचारलं. अजून वेळ आहे म्हणाली, मुंबईच्या सामाजिक शास्त्रांच्या एका जर्नलच्या संपादकांशी बोलले आहे, नोव्हेंबरपर्यंत दिला तर ते लगेच वाचतील. मी म्हटलं, बघू. तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

१८ ऑक्टोबर

लक्ष्मणरावांच्या एका मेंटीला परदेशातल्या कॉन्फरन्सचं बोलावणं आलं. बसमध्ये पेढे. मी दोन खाल्ले, दुसरा आग्रह झाला म्हणून.

लक्ष्मणराव म्हणाले, अरे भई प्रतापराव, तुमची गाडी कुठवर आली? गौलीगुड्यात वाढल्यामुळे जरा खुशीत आले की ते दखनीवर उतरतात. पुढे म्हणाले, दिल पे नक्को लो, पण एकदा वाचायला द्या पेपर मला, होइंगा कुछ. झाडपाला तपासणाऱ्याने माझा बाजार वाचायचा! नको म्हटलं.

२९ नोव्हेंबर

पेपर गेला नाही. अश्विनीचे चार मेसेज. शेवटच्यात हसरा चेहरा नाही.

पण मला मार्ग सापडलाय. नियमांत लिहिलंय की मेंटर म्हणून काम केलेल्यांना वीस गुण. पेपर नसला तरी वीस गुण म्हणजे काही कमी नाहीत. शेवटी संस्थेला माणसं घडवणारी माणसं हवी असतात, कागद नव्हे.

३० डिसेंबर

अर्ज दिला. ‘मेंटर : एक मेंटी, चौदा भेटी’ असं ठळक अक्षरांत लिहिलं. पेपरच्या रकान्यात ‘प्रगतिपथावर’.

कळलं की रेणूचा पेपर स्वीकारला गेला. त्याच मुंबईच्या जर्नलने. रात्री जेवलो नाही. तारामतीने कारण विचारलं, ॲसिडिटी म्हटलं.

१९ जानेवारी २०२६, सोमवार

उद्या प्रोग्रॅमचा समारोप. मेंटरांचा सत्कार आहे. ‘घडवण्याचा आनंद’ असं चार मिनिटांचं भाषण तयार ठेवलंय. अश्विनीबद्दल त्यात दोन चांगली वाक्यं घातली. मन मोठं ठेवायचं. रेणूबद्दल काही नाही.

तारामतीने नेहरू शर्टाला इस्त्री केली.

२० जानेवारी, सायंकाळी ७

लिहायचं नव्हतं.

‘सर्व मेंटरांनी स्टेजवर यावं’ असं माइकवर म्हणाले. मी गेलो. लक्ष्मणरावांच्या शेजारी उभा राहिलो. अश्विनीही स्टेजवर आलेली दिसली. मला वाटलं, शिष्यांनाही बोलावलंय, छान कल्पना. कुलगुरू एकेकाला शाल घालत आले. चौदा शाली होत्या. मी पंधरावा. रजिस्ट्रार कागदावर बोट फिरवायला लागले. लक्ष्मणराव खालच्या आवाजात म्हणाले, प्रतापराव, चला, आपण खाली जाऊ. मला वाटलं, जळतात.

मग अश्विनी कुलगुरूंच्या कानात काहीतरी बोलली. त्यांनी टेबलावरचा पुष्पगुच्छ उचलून माझ्या हातात दिला. टाळ्या झाल्या. सगळ्यात मोठ्या लक्ष्मणरावांच्या. भाषणाला कोणी बोलावलं नाही.

खाली येऊन खुर्चीवर बसलो तर पाकीट ठेवलेलं. सर्टिफिकेट. ‘डॉ. अश्विनी परचुरे यांच्या मार्गदर्शनाखाली मेंटी म्हणून सहभाग.’ शेजारी रेणूच्या हातात तसंच. ती म्हणाली, अभिनंदन सर.

सायंकाळी ७.४०

मोबाइलवर जुलैचा ईमेल शोधला. पहिलं पान उघडलं. डावा रकाना मेंटी. उजवा मेंटर.

सायंकाळी ८

अश्विनीला कळलं असेल का, की मी तिला काय समजत होतो? पहिल्या दिवशी दीड तास बोललो, तेव्हाच कळलं असणार. एका शब्दाने बोलली नाही. रविवारी उन्हात माझी दुकानं मोजत फिरली. लाज वाटते आहे. इतकी की तारामतीला सांगितलं. ती हसली नाही, त्यामुळे जास्तच वाटली.

आणि एक गोष्ट स्वतःशी कबूल करतो. रेणू मेंटर नव्हती हे कळल्यावर क्षणभर हायसं वाटलं. मग लक्षात आलं की ती मेंटी होती. म्हणजे मेंटी म्हणूनही ती माझ्या पुढे आहे.

२१ जानेवारी

सकाळी धावत एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला गेलो. अर्जातले मेंटरचे वीस गुण काढून टाका म्हणायला. क्लार्क म्हणाला, सर, वो तो हम पहलेइच काट दिये, पूरी लिस्ट हमारे पासइच है ना. परेशान नक्को हो. अर्जाचं काय विचारलं. पेपर नाही म्हणून छाननीतच राहिला. पुढच्या वर्षी भरा म्हणाला.

२ फेब्रुवारी, सोमवार

छत्तीसही शेरे वाचले. तेहतीस बरोबर आहेत. उरलेल्या तीनबद्दल भांडायला अश्विनी समोर हवी.

शनिवारी तारामतीला घेऊन अफझलगंजला गेलो. नवी एकोणीस दुकानं मोजली. तारामती पटापट लिहीत होती आणि मला दुकानदारांशी गप्पा कमी करायला सांगत होती.

संकल्प : अश्विनीकडे स्वतः जायचं. चुकलो म्हणायचं. आणखी सहा महिने मागायचे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो. काचेतून पाहिलं, आत रेणू नव्हती. बरं वाटलं.

चुकलो म्हटलं. ती म्हणाली, अहो सर, काहीतरीच काय. चहा मागवला. आज तीही हसली माझ्याबरोबर, दोनदा. मी एकोणीस दुकानांचा कागद पुढे केला. तिने तो नीट वाचला, खूश झाली. मग म्हणाली, सर, तुम्हाला सांगणारच होते. पुढच्या सहामाहीत मला एकच मेंटी ठेवायची परवानगी आहे, आणि रेणूचं पुस्तक अर्धं झालंय. पण तुमची मी नीट सोय केली आहे. तुमच्या बरोबरीचं, तुम्हाला संकोच वाटणार नाही असं कोणीतरी हवं होतं. त्यांना विचारलं तर एका पायावर तयार झाले. म्हणाले, एकवीस वर्षांपासून ओळखतो त्यांना, दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत.

चहा संपवून निघालो. बसला उभा असताना लक्ष्मणरावांचा मेसेज आला : सोमवारी अकरा वाजता माझ्या केबिनमध्ये. पेपर घेऊन या. उशीर नको.

मी ‘येतो सर’ असं टाइप करून पाठवलं. पाठवल्यावर वाचलं. पुसायला गेलो, तोवर दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या.