शंभरावर एक बटण

प्रिय ताई,

दहा लाख एक या संख्येत असं काय आहे, की तेवढ्यावर मला पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली, असं तू परवा फोनवर विचारलंस. आवाज नीट येत नाही असं सांगून मी फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

मुलाखतीला आम्हा सहा जणांना एकदम आत घेतलं. सरांनी विचारलं, दहा लाख एक ही मूळ संख्या आहे का, की तिला कशाने भाग जातो? बाकीचे सातने, अकराने, तेराने भागत बसले. माझ्या डोळ्यांसमोर तुझ्या पुड्या आल्या. कारखान्यातून तू घरी बटणं आणायचीस, पुडीत शंभर आणि वर एक जादा, तुटलंच तर असावं म्हणून. मी दहावीत होते, तुझ्याशेजारीच वही घेऊन बसायचे. भरता भरता तू म्हणालीस, "शंभर बटणं आली की पुडीला एक कमी पडतं. दहा हजार आली की पुड्या भरून एक उरतं. दहा लाखांना परत एकच कमी." मी भागून पाहिलं, बरोबर निघालं. दोघींचं शिक्षण जमणार नाही म्हणून सातवीनंतर शाळा सोडलेली तू, आणि मी तुला काय म्हणाले? तू बटणं मोज, गणित माझं मला करू दे. तू हसलीस आणि माझी पेन्सिल तासून दिलीस.

दहा लाखांना एक कमी, म्हणजे दहा लाख एकला काहीच कमी नाही. नऊ हजार नऊशे एक पुड्या, प्रत्येकीत एकशे एक. मूळ संख्या नाही. मी अर्ध्या मिनिटात सांगितलं, पुड्यांसकट. सर म्हणाले, नियम पुस्तकात आहे, पण ही समजावण्याची रीत कुणाची? मी म्हणाले, लहानपणी माझी मीच शोधली. असंच डोकं हवंय, म्हणून त्यांनी माझं नाव यादीत सगळ्यात वर घातलं. वर्गात खरेपणावर तावातावाने बोलणारी मी, तुझं नाव घ्यायला लाजले. काल तू शिवलेला शर्ट इस्त्रीला काढला, तर आतल्या शिवणीला जादा बटण होतंच. तो तसाच घडी करून ठेवला.

आधी विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, वेडी आहेस का, तुझं-माझं काय त्यात. म्हणून करून मग लिहितेय. आज सकाळी सरांना लेखी दिलं, की ते डोकं माझ्या ताईचं, ती बटणं भरते. त्यांनी कागद दोनदा वाचला. सोमवारी नव्या प्रश्नासह माझी पुन्हा मुलाखत आहे, जागा मिळेलच असं नाही. यादीतलं माझं नाव खोडायला ते पेन शोधत होते, तेव्हा मी माझं पेन पुढे केलं.

तुझीच,
धाकटी