कार्बन जाळायचा असतो

४ एप्रिल, सोमवार
मशीन सकाळपासून तीनदा अडकलं. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, सगळा मिळून आठ ओळी, त्याला पाऊण तास लागला. बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली. एक जण म्हणाला, "बाई, हातानंच लिहा की." हातानं लिहायचं असतं तर हे धूड कशाला मांडून बसले असते? बाबांचा टाइपरायटर याच खोलीत, रेणापूरच्या याच तहसीलसमोर, जन्मभर खडखडला. थांबा, मी विचार करतोय, असं तो एकदाही म्हणाला नाही.

चूक माझीच. मागल्या महिन्यात 'वेग वाढवा, फुकट' असं बघून काहीतरी उतरवून घेतलं. आता रोज लाल खिडकी उघडते, तुमच्या संगणकात बाराशे चुका आहेत म्हणते. नवऱ्यानंही उभ्या जन्मात माझ्या एवढ्या चुका काढल्या नाहीत. ती काढायला दुसरं घेतलं, दुसरं काढायला तिसरं. आता तिन्ही आहेत आणि मशीन मेल्यासारखं पडलंय.

५ एप्रिल, मंगळवार
वस्तीवरच्या कौसाबाई आल्या, सोबत दोघी. टँकरची तक्रार. पहिली खेप वस्तीवर यायची, ती देवरावच्या वीटभट्टीच्या हौदात रिकामी होते. देवरावकडं कुठलं पद नाही, पण खेपांची वही त्याच्या खिशात आणि ड्रमांची रांग त्याच्या बोटावर. कौसाबाईंची सून बाळंतीण, घरात तेरा दिवसांचं लेकरू.

अकरा बायांची नावं, पुढं अंगठे. अर्ज पाकिटात घालून त्या स्वतः लातूरला मोठ्या साहेबांच्या हातात देणार. साहेब म्हणालेत, नावं बाहेर पडू देणार नाही.

कौसाबाई जाताना दारात थांबल्या. "माय, नावं कुणाला कळली तर तो आमाला थेंब देणार न्हाई. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."
म्हटलं, "बाबांच्या वेळेपासून या खोलीतून एक शब्द बाहेर गेला नाही."

खरंच आहे. बाबांचे दोन नियम होते. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. आणि अर्ज टाइप झाला की दुसऱ्या प्रतीसाठी घातलेला कार्बन पेपर जाळायचा. उजेडाला धरला की कार्बनवरचं सगळं वाचता येतं, म्हणून संध्याकाळी मागच्या दारी एकेक पेटवायचे. पोरीनं नवऱ्याविरुद्ध दिलेला अर्ज, भावानं भावाविरुद्ध दिलेला अर्ज, सगळं त्या राखेत.

७ एप्रिल, गुरुवार
आज देवराव स्वतः. माणूस गोड बोलतो, तेच मला आवडत नाही. अंबाजोगाई जिल्हा होणार अशी हवा आहे, मग रेणापूर तिकडं ढकलतील, म्हणून 'आमचा तालुका लातुरातच ठेवा' असं निवेदन. खाली सह्यांचा तक्ता. प्यायला पाणी नाही आणि ह्यांना जिल्ह्याची काळजी.

मशीन रडत होतं. नवीन फाइल उघडायलाच पाच मिनिटं. म्हणून नेहमीसारखं केलं, हाताशी असलेला अर्ज नमुना म्हणून उघडला, वर 'मा. जिल्हाधिकारी साहेब' होतंच, मजकूर बदलला, तक्ता रिकामा केला, नव्या नावानं ठेवला. इथले सगळे टायपिस्ट असंच करतात. दोन पानं छापून दिली. देवराव म्हणाला, गावोगाव छापायचंय, पेनड्राइव्हवर पण द्या. दिलं. गेला एकदाचा.

मशीन आता लातूरला न्यायचंच. असं काम होत नाही.

९ एप्रिल, शनिवार
सीपीयू चादरीत बांधून एसटीनं लातूर. कंडक्टर म्हणे, याचं वेगळं तिकीट काढा. मांडीवर घेऊन बसले. लातुरात जिकडं तिकडं घागरी. रेल्वेनं पाणी येणार म्हणून तीच एक चर्चा.

मुबीनचं दुकान डाळ मिलच्या गल्लीत. बारा वर्षं माझं मशीन तोच बघतो. चालू करून बघितलं आणि कपाळाला हात लावला.
"ताई, एका दाराला तीन कुत्रे बांधून ठेवले तुम्ही. एकमेकावरच भुंकून राहिले. चोर आला तरी त्यांना मालूम पडणार न्हाई."
बाराशे चुका? "खोट्या हाइत. घाबरवायचा धंदा हाय तो."
मशीन ठेवून घेतलं. सोमवारी या म्हणाला.

११ एप्रिल, सोमवार
आणलं. पळतंय. काय केलं ते त्यानं एकेक करून दाखवलं, मी मागोमाग कागदावर लिहिलं. आधी सगळ्या फाइलींची दुसरीकडं प्रत, मगच सफाईला हात. फुकटची तिन्ही काढली, राखणीला एकच ठेवलं. मशीन सुरू होताना आपोआप उठून बसणारी चौदा कामं होती, त्यातली अकरा बंद केली. कचरा म्हणून साठलेल्या तात्पुरत्या फाइली काढल्या. मशीनच्या पोटातल्या नोंदवहीला 'दुरुस्त करतो' म्हणणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, फायदा दमडीचा नाही आणि बिघडलं तर मशीन उठत नाही.

सफाईचं एक साधं साधन बसवून दिलंय. दर सोमवारी ते विचारणार. त्यात 'अलीकडे उघडलेल्या फाइली' अशी यादी आहे, कुठली फाइल कधी उघडली, पेनड्राइव्हवर कधी गेली, सगळं.
मुबीन म्हणाला, "ताई, तुमच्याकडं लोकांची झाकली मूठ असते. ही यादी पुसत जा."
मी म्हटलं, राहू दे, त्या यादीवरूनच मला फाइली सापडतात. आजच्या सफाईत तेवढी टिक काढून टाकली.

१४ एप्रिल, गुरुवार
जयंती. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक. पाण्याचा स्टॉल यंदा नाही लावला, कुठून लावणार. माझ्या बाबांच्या फोटोलाही हार घातला. आज राग नाही कशाचा.

१८ एप्रिल, सोमवार
कौसाबाई आल्या. बसल्या नाहीत. पदर तोंडाला.

परवा टँकरपाशी देवरावनं चौघींना नावानं हाका मारल्या. कौसाबाई, गयाबाई, रुक्मिण, शेवंता. सगळ्यांसमोर म्हणाला, तुम्हाला साहेबाकडं जायची लई हौस, तर साहेबाकडनंच पाणी आणा. चौघींचे ड्रम रांगेच्या शेवटी. शेवटाला पोचेपर्यंत टँकर कोरडा. तीन दिवस झाले. बाळंतिणीचं धुणं नाही. कौसाबाई पहाटे उठून शिवेवरच्या विहिरीला जातात, दोन घागरी.

"तुझ्यापाशीच होतं ना माय?"

चेहरा पेटला माझा. हाव, माझ्यापाशीच होतं. आणि दोन दिवस मुबीनपाशी होतं. त्याचा साडू टँकरवर ड्रायव्हर आहे, त्यानंच एकदा सांगितलं होतं. अजून कशाला पुरावा पाहिजे? कौसाबाईंना सांगून टाकलं, दुरुस्तीवाल्यानं काढलं असणार. समोरच्या दोन्ही टायपिस्टांना सांगितलं, त्याच्याकडं मशीन देऊ नका. त्यातल्या एकानं लगेच फोन करून त्याच्याकडचं मशीन परत मागवलं. बरं झालं.

एक कळत नाही. नावं अकरा होती. चौघीच का?

१९ एप्रिल, मंगळवार
लातूर. रेल्वेचं पाणी आलंय, टाक्यांपाशी पोलीस. मुबीनच्या दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच बोलले. नाही नाही ते बोलले. बारा वर्षं भाऊ म्हणून आले तुझ्याकडं, तू बायांच्या तोंडचं पाणी विकलंस. दोघं जण आपले लॅपटॉप उचलून निघून गेले.

त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. मग एवढंच म्हणाला, "ताई, मी तुमची एक फाइल उघडली न्हाई. माझा साडू दोन वर्षं झाली पुण्याला हाय. पण माझं नका ऐकू. ती यादी तुम्ही पुसू दिली न्हाई ना? बघा तीच. बघेपर्यंत काही मिटवू नका."

चोराच्या उलट्या बोंबा असं मनात आलं. परतीच्या गाडीत डोकं भणभणत होतं. घरी आले, जेवले नाही.

२१ एप्रिल, गुरुवार
बघितली यादी. त्याला तोंडावर पाडायचं म्हणूनच बघितली.

बायांचा अर्ज ५ तारखेला उघडला. ७ ला उघडला. ९ ते ११ मध्ये काही नाही. मग १८ ला, मीच.

७ ला कशाला उघडला? यादीत त्याच्या खालीच 'निवेदन जिल्हा'. त्याच्या खाली तेच पुन्हा, पेनड्राइव्हवर.

निवेदन उघडलं. पहिलं पान ठीक. दुसरं पान, रिकामा तक्ता, ठीक. खाली सरकवलं तर तिसरं पान. बायांचा तक्ता दुसऱ्या पानावर मावला नव्हता, सात नावं तिथं आणि उरलेली चार तिसऱ्यावर, त्यांच्याखाली 'टँकरबाबत तक्रारदार' अशी ओळ. दुसरं पान मी पुसलं. तिसरं बघितलंच नाही. छापताना दोनच पानं छापली.

कौसाबाई. गयाबाई. रुक्मिण. शेवंता.

तिथंच बसून राहिले. एका बाईनं दारातून विचारलं, अर्ज लिहिता का. म्हटलं, आज बंद आहे.

२२ एप्रिल, शुक्रवार
स्वतःचीच किळस येते. बारा वर्षं मशीनवर, हात सफाईदार म्हणून गावभर नाव, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातात नेऊन दिली. तीही त्याच्याच कामासाठी, तोच अर्ज नमुना करून. पाच मिनिटं वाचवायला. वर एका सरळ माणसाला भर दुकानात चोर ठरवलं.

बाबा कार्बन जाळायचे. मी जपून ठेवला, वर दुसऱ्याला वापरायला दिला.

मुबीनला फोन लावला, वाजायच्या आत ठेवून दिला. दोनदा.

२३ एप्रिल, शनिवार
देवराव आला. बाकावरच्या माणसांना ओलांडून सरळ आत, खुर्ची ओढून. आणखी एक निवेदन. लिहून घेतलं, नव्या कोऱ्या फाइलीत. तो बघत होता. निघताना हळूच म्हणाला, "बाई, मागचं काम लई चोख केलं तुम्ही. तिसरं पान असंच देत जा. तुमच्या घरी टँकर थांबवायचं मी बघतो."

म्हणजे त्याला वाटतं मी मुद्दाम दिलं.

म्हटलं, "उठा." परत म्हटलं, "उठा आधी." हसत हसत उठला. मी किंचाळायला पाहिजे होतं, बाकावरच्या सगळ्यांना सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर चुकीचं पान कुणी दिलं तेही सांगावं लागलं असतं. गप्प बसले. या गप्प बसण्याचा राग सगळ्यात जास्त आहे.

संध्याकाळी आमच्या दारात खरंच टँकर थांबला. ह्यांनी ड्रम पुढं केला. मी मागं ओढला. हे म्हणाले, "डोकं फिरलं का तुझं?" काय सांगणार. ड्रम रिकामा ठेवला, घरात कुणी माझ्याशी बोलत नाही.

२५ एप्रिल, सोमवार
मशीन लावलं तर सफाईची खिडकी. गेल्या सोमवारी 'नंतर' दाबून घालवली होती. सोमवार आहे, साफ करू का? खाली 'अलीकडे उघडलेल्या फाइली', पुढं टिक मारून तयार. मुबीननं सांगितल्याप्रमाणे तेच बरोबर. एक बटण दाबलं की ७ तारीख गेली. तिसरं पान मी हातानं पुसलं की संपलं. मग माहीत असणारी माणसं दोन, मी आणि देवराव, आणि तो बोलणार नाही, त्याच्या फायद्याचं आहे.

बोट तिथं ठेवून बसले होते तेवढ्यात कौसाबाई आल्या. सोबत गयाबाई, रुक्मिण, शेवंता. चौघी बाकावर. घागरी आणून थेट आलेल्या, पायांना धूळ.
कौसाबाई म्हणाल्या, "त्या दुरुस्तीवाल्यावर तक्रार लिही माय. तूच सांगितलंस ना, त्यानं काढलं म्हणून. आमी अंगठे देतो."

चौघींचा माझ्यावर केवढा विश्वास. त्या विश्वासाचाही राग आला, इथं वहीत खोटं कशाला लिहू.

टिक काढली, खिडकी बंद केली. यादी छापली. मग कोरी फाइल उघडली. वर 'मा. जिल्हाधिकारी साहेब'. विषय. मजकूर दीड पान झाला: कुणी, कधी, कुठल्या पेनड्राइव्हवर, तिसऱ्या पानावर कुठली नावं, देवराव शनिवारी काय म्हणाला ते सगळं. दुरुस्तीवाल्याचा काही दोष नाही हेही. कौसाबाई मधे मधे विचारत होत्या, "लई लिवून राहिलीस माय, एवढं काय केलं त्यानं?" मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

खाली 'अर्जदार' म्हणून माझं नाव. दुसरं पान अर्धंच होतं, तेही शेवटपर्यंत सरकवून बघितलं.

छापून झालंय, कागद अजून गरम आहे. चौघींना चहा दिलाय. चहा संपत आला. कौसाबाईंनी अंगठा पुसून पुढं धरलाय, शाई दे म्हणतात. आधी वाचून दाखवावं लागेल.