लोकवाटा माफ

प्रिय आत्याबाई,

परवा फोनवर तुम्हीच विचारलंत, की हे लोकवाटा, लोकवाटा काय लावलंय, आणि मी सांगायला लागले तर "बरं, बरं" म्हणून फोन सुचिताताईंच्या हातात दिलात. सून बोलायला लागली की तुमच्या फोनची रेंज जाते, हे आता माझ्या लक्षात आलंय. म्हणून पत्र लिहितेय. ताई वाचून दाखवतील आणि तुम्हाला ऐकावंच लागेल. होळी झाल्यावर चार दिवस शेगावला लेकीकडे जाते म्हणून गेलात, आता पाडवाही झाला. हे रोज जेवताना विचारतात, आई कधी येणार. मी म्हणते, तुमची आई, तुम्हीच विचारा. ते विचारत नाहीत आणि तुम्ही सांगत नाही. मायलेक एकाच मातीचे.

तर लोकवाटा. आपल्या नळयोजनेला सरकारनं पैसा दिला, पण सगळा नाही. थोडा वाटा गावानं उचलायचा, रोख नाहीतर अंगमेहनतीनं, तो लोकवाटा. म्हणजे उद्या तोटी मोडली तर सरकारची मोडली म्हणून कोणी हात झटकायला नको. पाणी समितीचे भगवानराव हे पारावर इतक्या वेळा सांगत होते, की शब्द गावाच्या तोंडात बसला. दयारामच्या घरी बारशाच्या पोळ्या लाटायला बायका गेल्या, तो लोकवाटा. जानेफळच्या बसमध्ये कोणी सरकून जागा दिली, तो लोकवाटा. परवा मी यांना भुईमुगाच्या शेंगा सोलायला बसवलं तर म्हणाले, सोलण्याचा लोकवाटा तुझा, खाण्याचा माझा. त्या दिवशी त्यांना वरण-भातावर भागवावं लागलं.

तुम्ही गेल्यावर आपल्या घरचा वाटा आम्ही दोघांनी पाइपासाठी चर खणून दिला. माझ्या हाताला फोड आले, पण मजाही आली. भगवानराव माणूस चांगला. म्हाताऱ्या बायकांना उन्हात कशाला राबवायचं म्हणून त्यांनी भर सभेत जाहीर केलं, की साठीच्या पुढच्या बायकांना लोकवाटा माफ. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पाडव्याला नळाला पाणी आलं. नारळ फुटला, पेढे वाटले, लोकांनी तोटीसोबत फोटो काढले. आणि तेवढ्यात तुमच्या मैत्रिणी, अमीरबी, विमलबाई आणि जनकाबाई, डोक्यावर हंडे घेऊन नळासमोरून सरळ जुन्या विहिरीवर गेल्या. आम्हाला वाटलं, सवय आहे, जाईल हळूहळू. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सुना बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. गाव म्हणायला लागलं, की घरात नळ असून म्हाताऱ्यांना विहिरीवर पाठवतात. शेवटी भगवानराव आम्हा चारदोन बायकांना घेऊन अमीरबींच्या ओट्यावर गेले आणि विचारलं, पाणी खारं लागतं का. अमीरबी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "माफी तं गुन्हा करणाऱ्याले देतेत. म्या काय गुन्हा केला, सांग बरं भगवान? माह्या हातानं काहीच होत नाही असं वाटलं तुमाले, तं मंग माह्यासाठी पाणी तरी काऊन आणलं?"

भगवानराव त्यांनाही काम द्यायला तयार झाले, पण चर तर कधीच बुजले होते, काम काही उरलं नव्हतं. मग अमीरबींनीच काम काढलं. आता नळ येण्याच्या वेळी तिघी काठ्या घेऊन गल्लीगल्लीनं फिरतात आणि कोणाची तोटी वाहती दिसली की त्या घराचा उद्धार करतात. काल माझी बादली भरून वाहिली, तर अमीरबींनी दारात उभं राहून तुमचं नाव घेतलं, रुखमाबाई घरी असती तर असं झालं नसतं म्हणाल्या. मला राग आला आणि खरंही वाटलं. तिघी आता नळाचंच पाणी पितात, आणि गोड आहे म्हणून सांगतात.

त्या ओट्यावरून घरी आले आणि फडताळात तयार कुरडयांची ती पाकिटं दिसली. मीच मेहकरहून आणली होती, तुमचे गुडघे पाहवत नव्हते म्हणून. यंदा तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बसायचं, असं मी मोठ्या प्रेमानं सांगितलं होतं. तुम्ही पाकीट उलटसुलट करून पाहिलंत, लय पांढऱ्या हायेत म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीत. मला वाटलं, सून किती काळजी करते म्हणून खुशीत लेकीकडे निघालात. सांगा आता, भगवानरावांना हसायला मला तोंड आहे का?

आता पत्राचं खरं कारण. आज सकाळी मी मोठ्या पातेल्यात गहू भिजत घातलेत. कोणाला विचारलं नाही. रोज पाणी बदलेन, तिसऱ्या दिवशी वाटून चीकही काढेन, पण चीक शिजवणं मला येत नाही. इतकी वर्षं तुम्ही मला त्या चुलीजवळ येऊ दिलं नाहीत आणि मीही बरं झालं म्हणून लांब राहिले. शेजारचा हरिओम गजानन महाराजांच्या दर्शनाला शेगावला येतोय, त्याच्याच हातानं हे पत्र पाठवते. तो उद्या परत निघेल, त्याच्यासोबत बसमध्ये बसा. नाही आलात तर चिकाच्या गुठळ्या होतील आणि मी त्या वाळवून प्रत्येक पाहुण्याला रुखमाबाईंच्या घरच्या कुरडया म्हणून तळून वाढेन. घर नीट चाललंय, आत्याबाई, आणि तरी मला तुमच्यावाचून करमत नाही. गुडघे दुखले तर पाटावर बसा, हाटते मी. पण आता उतरव, हे तुम्हीच म्हणायचं.

तुमचीच,
जयमाला