उजवीकडून वाचायचे तीन आकडे

दि. १४, शनिवार, सकाळ

चि. खटपट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कार्डावर नावाखाली चार ओळींचा हुद्दा आहे, ठाऊक आहे मला. पण पंखा उघडून परत न जोडणाऱ्या मुलाला मी हेच नाव ठेवलं होतं, आणि आज मी चिडलेलो आहे, तेव्हा हेच वापरणार.

मामीची दाढ काढली. दोन दिवस तिला बोलता येत नव्हतं, घरात शांतता होती. आता ती बरी आहे आणि शांतता संपली आहे. माझं ब्लडप्रेशर तुझा अहवाल हातात पडेपर्यंत उत्तम होतं.

ई-मेल केला असता, पण तुझे ई-मेल आधी तुझ्या हाताखालचं कोणीतरी वाचतं. फोन केला असता, पण तुझा फोन एका मिनिटाचा. "मामा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो," आणि ते नंतर काही उजाडत नाही. म्हणून कागद. कागद कानाला लावून नुसतं "हो हो" म्हणता येत नाही.

तर अहवाल. चारदा वाचला. पान सात: ‘दिनांक ३ रोजी सकाळी तपासणी केंद्राच्या मुख्य संगणकावरील लोड ३१.४० वरून १७.८५ व पुढे ६.२० असा आपोआप कमी होत होता. तरीही संबंधित कर्मचाऱ्याने घाईने संगणक रीस्टार्ट केला. परिणामी दोन तासांचे रुग्ण-अहवाल पुन्हा भरावे लागले.’ शेजारी रंगीत आलेख. लाल रेघ उतारावरून खाली घसरत चाललेली. आणि शेवटच्या पानावर तुझी सही, चांगली पल्लेदार.

संबंधित कर्मचारी म्हणे! एकवीस वर्षं त्या संगणकाची उस्तवार करतोय मी. आणि मुख्य कार्यालयात बसून तू त्याचे तीन आकडे उलटे वाचलेस?

अरे गाढवा, लोड म्हणजे संगणकापुढे एका वेळी उभी असलेली कामं. डावीकडचा आकडा त्यांची गेल्या एका मिनिटाची सरासरी. मधला पाच मिनिटांची. उजवीकडचा पंधरा मिनिटांची. म्हणजे सगळ्यात ताजं डावीकडे, जुनं उजवीकडे. डावा मोठा आणि उजवा लहान असेल तर लोड चढतोय, उतरत नाहीये! पंधरा मिनिटांची सरासरी सहा, पाचची जवळजवळ अठरा, शेवटच्या मिनिटाची एकतीस. कड्यावर चढणाऱ्या माणसाला तू घसरगुंडीवर दाखवलंस. आलेख तुझ्या हाताखालच्या कुठल्याशा पोरीने काढला असेल, मान्य. पण सही करताना डोळे कुठे होते?

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? हीच चूक तू तेराव्या वर्षी केली होतीस. सुट्टीत माझ्यामागे लागून केंद्रात यायचास, माझ्या खुर्चीत बसायचास. एकदा ओरडलास, "मामा, कमी होतंय!" आणि मी म्हटलं, "उजवीकडून वाच." तुला डबा द्यायला तुझी आई आली होती, ती मागे उभी. जन्मभर पोरांना गणित शिकवलेली बाई. म्हणाली, "म्हणजे उत्तर आधी आणि गणित नंतर. विचित्रच कारभार." मग तिने तुझ्याकडून दहा वेगवेगळे तीन-तीन आकडे वाचून घेतले, चढ की उतार, चढ की उतार. दहाव्याला तू रडकुंडीला आला होतास. ते सगळं कुठे गेलं?

पान आठ. ‘सदर वेळी प्रोसेसरचा वापर केवळ बावीस टक्के होता. संगणक मोकळाच होता. नव्या डिस्कची मागणी अनावश्यक.’ वाचून मी चष्मा टेबलावर आपटला. मामी म्हणाली, फुटला तर त्याचेही पैसे पुन्हा भरावे लागतील.

ऐक, डोक्यात शिरेल अशा भाषेत सांगतो. आमच्याकडे रक्त घ्यायच्या आठ खुर्च्या आहेत, आणि संगणकात कोअरही, म्हणजे काम उरकणारे हातही, आठ. आठ माणसं आठ खुर्च्यांवर बसली की लोड आठ. सगळे कामात, कोणी ताटकळत नाही, उत्तम. एकतीस माणसं आली की तेवीस उभी. इथवर तुला कळतं. आता समज, रक्ताच्या नळ्यांच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे आहे, आणि तो म्हातारा एकेक नळी पुसत पुसत देतोय. रक्त घेणाऱ्या पोरी हात बांधून बसलेल्या, कारण हातात नळीच नाही. तू आलास, त्या पोरींकडे पाहिलंस आणि लिहिलंस, इथे काही काम नाही! अरे, बाहेर बाह्या वर करून उभी असलेली माणसं मोज ना. डिस्कच्या दारात अडकलेलं कामही लोडमध्ये धरतात. प्रोसेसर मोकळा आणि लोड एकतीस, याचा अर्थ डिस्क मरायला टेकली आहे. मी तीन अर्ज केले होते त्या डिस्कसाठी. तिन्ही तुझ्याच कार्यालयात धूळ खात असतील. त्या दिवशी मी संगणक बंद करून राखीव डिस्कवर सुरू केला म्हणून दोन तासांचेच अहवाल गेले. आणखी अर्धा तास थांबलो असतो तर वर्षाचे गेले असते. काउंटरवरच्या बाईंनी आणि मी ते दोन तासांचे अहवाल दुपारपर्यंत बसून पुन्हा भरले, एकाही रुग्णाला परत पाठवलं नाही. ते कुठल्या पानावर आहे? चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते हेच.

तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. मामा आहे म्हणून सांभाळून घेतलं असं कोणी म्हणू नये, यासाठी तू जरा जास्तच ताठ बसलास. सांभाळून घे असं मी कधी म्हटलं? नीट वाच एवढंच म्हणणं आहे.

एक मात्र खरं लिहिलं आहेस. ‘संबंधित कर्मचारी नऊ ते पावणेदहा जागेवर नव्हता. बँकेच्या खाजगी कामासाठी बाहेर गेल्याचे काउंटरवरून समजले.’ नव्हतो जागेवर. त्यावर मला काही लिहायचं नाही.

सोमवारी मला लेखी खुलासा द्यायचा आहे. डॉक्टरीणबाई, म्हणजे आमच्या प्रमुख, चांगल्या आहेत. म्हणाल्या, "आकड्यांचं मी वर समजावते, पण त्या पाऊण तासाचं कारण लिहा. कारण नसेल तर संगणक तुमच्या हातून काढून घ्यावा लागेल, माझा नाइलाज आहे." तीनदा कागद घेऊन बसलो. तीनदा तारीख घातली आणि उठलो.

बँकेत गेलो नव्हतो मी. काउंटरवरच्या बाईंना खोटं सांगितलं आणि त्यांनी बिचाऱ्यांनी ते चौकशीत खरं म्हणून सांगितलं. त्याची मला शरम वाटते, लिहून ठेवतो.

थांब, चहा घेऊन येतो.

आलो. आता लिहूनच टाकतो, नाहीतर हे पत्रही खुलाशासारखं तारखेवरच राहील.

त्या सकाळी नऊला मला एका शिंपीणबाईंचा फोन आला. कापडबाजाराच्या पलीकडे त्यांचं दुकान आहे, आपल्या घरापासून दोन मैल. म्हणाल्या, "तुमचा नंबर या बाईंच्या पर्समधल्या चिठ्ठीवर आहे. तासाभरापासून इथे बसल्यात. घर कुठे विचारलं तर हसतात." मामी दाढेच्या डॉक्टरकडे गेली होती. मी रिक्षा केली आणि धावलो. दुकानात मशीनशेजारच्या स्टुलावर तुझी आई बसली होती. पायात दोन वेगळ्या चपला. मला पाहून म्हणाली, "किती वेळ लावलास? शाळा सुटून गेली."

सात महिने चाललंय हे, खटपट्या. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आहे, गोळ्या दिल्या आहेत, आणि गोळ्यांनी फार काही होणार नाही हेही सांगितलं आहे. ज्या दिवशी नाव सांगितलं, त्या दिवशी ताईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली: त्याला कळवायचं नाही, तो नोकरी सोडून येईल. मी मूग गिळून बसलो. आता वाटतं, मूर्खपणा केला. मी तुझ्यावर एवढा तडतडतोय त्यातला थोडा राग माझा माझ्यावरच आहे. पण सगळा नाही, हेही लक्षात ठेव!

कारण तू दर रविवारी फोन करतोस आणि मला मेसेज टाकतोस, ‘आई एकदम फर्स्ट क्लास.’ करतोस किती वेळ? एक मिनिट! एक मिनिट ती फर्स्ट क्लासच असते रे. शिक्षिका आहे ती, एक मिनिट कोणालाही गुंडाळेल. "जेवलास का, झोपतोस का, ठेव आता, पैसे जातात." पाच मिनिटं बोललास तर जेवलास का हे ती दुसऱ्यांदा विचारेल. पंधरा मिनिटं बसलास तर विचारेल की आपण कोण. तिथे तू तीन आकडे उलटे वाचलेस, आणि इथे डावीकडचा एकच वाचतोयस.

आता पुढचं नीट वाच. तिला घरी एकटी कशी सोडणार? रिक्षातून तिला थेट केंद्रात आणली, संगणकाच्या खोलीत माझ्या खुर्चीत बसवली आणि पाणी आणायला गेलो. परत आलो तर ती पडद्याकडे टक लावून बघत होती. कोपऱ्यात ते तीन आकडे. मला हाताने जवळ बोलावलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "वाढतंय रे. उजवीकडून वाच. लवकर काहीतरी कर."

तुझ्या आलेखात जी चूक आहे ती तिने केली नाही. दोन वेगळ्या चपला घालून बसलेल्या बाईने केली नाही. मी पडदा पाहिला, डिस्क पाहिली आणि तिच्या सांगण्यावरून हात चालवला. घाई म्हणतोस ना, ती घाई तुझ्या आईची होती, आणि तिनेच वर्षभराचे अहवाल वाचवले.

सगळं मार्गी लागल्यावर तिने विचारलं, "हे ऑफिस कुणाचं?" मग दारातून कोणी तरुण मुलगा आत डोकावला की, "आमचा आला का?" असं चार वेळा. चारही वेळा मी नाही म्हटलं.

सोमवारी खुलाशात मी खरं कारण लिहीन. अहवाल दुरुस्त कर किंवा करू नकोस, संगणक राहील नाहीतर जाईल, मला आता त्याचं सोयरसुतक नाही. नोकरीही सोडू नकोस, तेवढा तिचा शब्द राख. पण ये. बॅग भरून ये, आणि तिच्यासमोर घड्याळ काढून ठेवून पंधरा मिनिटं बस. ती काय विचारेल त्याचं उत्तर दे, दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

शपथ मोडतोय हे मी आज सकाळी तिला सांगितलं. फार चिडली. "माझ्या पोराला घाबरवतोस?" म्हणून दरवाजा आपटला. थोड्या वेळाने बाहेर आली आणि विचारलं, कुणाला एवढं लांबलचक पत्र लिहितोयस? पुन्हा सांगितलं, पुन्हा तेवढीच चिडली. आत्ता, चहाच्या वेळी, तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तिला नव्याने वाईट वाटलं, आणि ते मला पाहावत नाही. चौथ्यांदा मी सांगणार नाही. चौथ्यांदा सांगायला तू दारात उभा राहा.

वाट पाहणारा,
तुझा संबंधित कर्मचारी,
मामा