उशाखालची भाकर

आई, तुझ्या उशाखालचा भाकरीचा तुकडा आजीला कसा सापडला, हे तुला कळलं होतं का? याचं उत्तर मला कधीच मिळणार नाही. तू विचारलं नाहीस, आणि मला सांगायचं धाडस होईपर्यंत तू राहिली नाहीस.

घोडेगावच्या वरचं आपलं घर हल्ली रोज आठवतं. मी सात वर्षांची. पहाटे तू अंथरुणातच, भिंतीकडे तोंड करून, नाचणीच्या भाकरीचा वाळका तुकडा हळूहळू चावतेस. मला वाटलं, तू चोरून खातेस. मीच आजीला जाऊन सांगितलं. आजी तो तुकडा सगळ्यांसमोर चुलीपाशी आणून ठेवते. "रातचं जेवान पुरत न्हाई व्हय गं तुला?" तू मान खाली घालून पीठ मळत राहतेस. तिसरा महिना सरला नव्हता, म्हणून कारण सांगायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून उशाखाली काही नसायचं, आणि तू गोठ्यामागून तोंड पुसत यायचीस. पुढे भाऊ झाला, तरी मला त्याचा याच्याशी संबंध लागला नाही.

आता लागतो. मला नववा आठवडा आहे. निरगुडसरच्या या घरात सकाळी लसणाची फोडणी पडली की मी मोरीत जाते, नळ मोठा सोडते आणि ओकते. सुट्टीच्या दिवशी जावेबरोबर कांदे निवडायला बसते. सडक्या कांद्याच्या वासानं पोट ढवळतं, पण पदर नाकाला लावला तर विचारतील, म्हणून लावत नाही. शाळेतून परस्पर दवाखान्यात जाऊन आले, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, उठायच्या आधी काहीतरी कोरडं खा, पाणी घोटघोट घे, तेही टिकेना झालं तर लगेच ये. मागच्या वेळी मी सहाव्या आठवड्यातच सगळ्यांना सांगितलं होतं आणि पुढच्या आठवड्यात सगळं संपलं. तेव्हापासून यांचं एकच, "तिसरा सरू दे, तवर कुणाला बोलू नको." घरातली पहिली पदवीधर मी. शाळेत मुलींना सांगते, शरीराची लाज धरू नका, नजरबिजर काही नसतं. घरी मुकाट नळ सोडते.

काल सकाळपासून घोटभर पाणीही टिकेना. दवाखान्यात जायचं तर घरी काय सांगू, याच विचारात मोरीत बसून राहिले. तुझी ती खाली घातलेली मान दिसली. मग उठून सासूबाईंकडे गेले. "आत्या, मला दिवस गेलेत. मला आत्ता दवाखान्यात न्या."

त्यांनी तवा उतरवला. "पंधरा दिस झालं, मला म्हाईत हाय. तू सांगशील म्हणून गप व्हते. पण ओकायला एवढा नळ कशाला सोडती बाई? टाकी रोज रिकामी व्हती."

सलाईन लावून संध्याकाळी परत आलो. भीती गेलेली नाही, नजरेचीसुद्धा. हे मी शाळेत सांगणार नाही. पण आज कांद्यांकडे गेले नाही. भाकरीचा डबा खिडकीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवलाय, आणि ही चिठ्ठी त्याच्याखाली.