आठव्या महिन्यातला ठपका

उमरेड, ता. ४ ऑगस्ट १९७४

ती. सासूबाईंस पुष्पलताचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व बरे. माझा तान्हा केशव गेल्याला आणि मला माहेरी धाडल्याला वर्ष झाले. दादांनी परवा त्याचे जुने कागद घेऊन मला नागपुरात हृदयाच्या डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, गर्भाचे हृदय तिसऱ्या महिन्याच्या आतच घडून होते. हृदयात भोक राहायचे ते तेव्हाच राहते. तुम्ही दोष दिलात तो मी हातमागावर बसले याचा, पण मी बसले ती आठव्यात, यांना ताप होता म्हणून, लुगडी पुरी करायला. म्हणजे माझ्यामुळे बाळाचे हृदय बिघडले नाही, सासूबाई! काही घराण्यांत हे रक्तातून उतरते म्हणे. पुढच्या बाळाआधी डॉक्टरांना कळायला हवे: तुमच्याकडे कोणाचे मूल असे निळे पडून गेले होते का? लोभ उरला असेल तर खरे कळवा.

तुमची पुष्पलता

नागपूर, ता. ११ ऑगस्ट

चि. सौ. पुष्पलतास आशीर्वाद.

तुहं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं वं. खोटं कशाले लिहू? माह्या लेकाच्या, मधुकरच्या आधी मले दोन पोरी झाल्या. जयवंता चार महिन्यांची होऊन गेली, दुसरी नवव्या दिवशीच. दोघींचे ओठ जांभळावानी. माही सासू म्हणे, दोन जीवाची असून पाण्याचे हंडे उचलले, पोरी खाल्ल्या. मी खरंच मानलं. केशव तसाच निळा दिसला तवा मले माह्या पोरीच दिसल्या. लोकायनं माह्याकडे पाहू नये म्हणून अंगणात चार बायांसमोर तुहं नाव घेतलं, हिनंच केलं म्हणून. काय करून बसली मी! घरी ये बाई. माया तोडू नको.

वच्छलाबाई

उमरेड, ता. १६ ऑगस्ट

ती. सासूबाईंस सा. न.

वाचून आधी रागच आला. वर्षभर मी रोज केशवची माफी मागत होते, आणि घरात असे आधीही झाल्याचे तुम्हाला ठाऊक होते. तुमच्या लेकींसाठी रडलेही, ते वेगळे. येईन, पण माझे नाव घेतलेत त्याच अंगणात, त्याच बायांसमोर तुमचे पत्र वाचा. सोबत परत पाठवते आहे. मगच मला आपली म्हणा.

पुष्पलता

नागपूर, ता. २२ ऑगस्ट

चि. सौ. पुष्पलतास आशीर्वाद.

वाचलं. जयवंताच्या नावापाशी कागद शेजारच्या यमुताईच्या हाती दिला, पुढचं तिनं वाचलं. मधुकर आत हातमागावर होता. आपल्याले दोन बहिणी होत्या हे त्यानं तवाच ऐकलं. उठून आला अन् म्हणे, आई, केशव गेला त्या दिवशी तरी सांगायचं होतं, मी पुष्पाले घराबाहेर काढलं नसतं. तवापासून तो माह्या हातचं जेवत नाही वं. पुढच्या शुक्रवारच्या मोटारीनं तुले घ्यायले येऊन राहिला. तू आली की त्याले ताटावर बसव. मी वाढीन, तो नाही म्हणन. तू जेव म्हण. माह्यावर एवढी माया कर.

वच्छलाबाई